कर्करोगाच्या उपचारकाळातील अन्नपान

व्यापारी संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभावांचा आढावा, कराच्या अडचणी, वाहतुकीचे प्रश्न आणि संघाच्या कार्याचा वृत्तांत यांस स्थान असावे हे योग्यच होय. तथापि जो विषय दुकानाच्या गादीवर कधी निघत नाही आणि घरातही दबक्या आवाजात बोलला जातो, अशा एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. आपल्यांपैकी कोणाच्या घरी कर्करोगाने प्रवेश केलेला नाही? त्या रोगाच्या नावाने माणूस प्रथम खचतो. पुढे शस्त्रक्रिया पार पडते, औषधोपचार सुरू होतात, आणि मग ध्यानात येते की रोजची झुंज रोगाशी कमी व पोटाशी अधिक आहे. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, तोंड येणे, अन्नाची चव जाणे, ही ती झुंज. ती झुंज नीट सांभाळली गेली नाही तर गुणकारी औषधही अर्ध्यावर सोडावे लागते. आपल्या समाजात तर व्रत-नियमांचा प्रश्न तिच्याशी निगडित होतो. म्हणून अनुभवाने व तज्ज्ञांकडून जे समजले, ते येथे मांडतो.

एक घरचा अनुभव

सन २०१६ च्या भाद्रपदात माझ्या ज्येष्ठ बंधूंच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आठ आवर्तनांचा रसायनोपचार, ज्यास आपण केमोथेरपी म्हणतो, ठरला. दर तीन आठवड्यांनी एक दिवस रुग्णालयात जाऊन ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध शिरेतून घ्यावयाचे, आणि त्या दिवसापासून चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबीनच्या गोळ्या घरी घ्यावयाच्या, असा क्रम होता. पहिली दोन आवर्तने बऱ्यापैकी पार पडली. तिसरे आवर्तन डिसेंबरात आले. ते नोटाबंदीचे दिवस होते. आठ नोव्हेंबरच्या घोषणेनंतर धान्यबाजारातील उलाढाल रोखीवाचून थंडावलेली, उधारी वाढलेली, आणि पेढीवर वडीलधारे माणूस हवेच अशी परिस्थिती. बंधू रोज दुकानी येऊन बसत.

गोळ्यांच्या दहाव्या दिवशी त्यांस जुलाब सुरू झाले. दिवसातून सात-आठ वेळा शौचास जावे लागे. त्यांनी कोणासही सांगितले नाही. वहिनींनाही नाही. "पोटाला जरा विश्रांती दिली की बरे होईल," असा त्यांचा विचार. म्हणून त्यांनी अन्न निम्म्यावर आणले. चौविहाराचा त्यांचा नियम वीस वर्षांचा. हिवाळ्यात बेळगावास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि सूर्योदयानंतर नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर सुमारे साडेतेरा तास पाण्याचा थेंबही पोटात जात नसे. एकीकडे शरीरातील पाणी वाहून चालले होते, दुसरीकडे भरपाई बंद होती, आणि गोळ्या मात्र नेमाने चालू होत्या. चौथ्या दिवशी पेढीवर उभे राहताच ते कोसळले. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब घसरलेला व मूत्रपिंडांवर ताण पडलेला आढळला. पाच दिवस सलाईन लावावे लागले. पुढचे आवर्तन दोन आठवडे लांबले आणि औषधाचे प्रमाणही कमी करावे लागले.

डॉक्टरांनी विचारले, "शेठजी, पहिल्याच दिवशी दूरध्वनी का केला नाहीत? या गोळ्या चालू असताना जुलाब वाढले तर गोळी थांबवून आम्हांस कळवावे, असे कागदावर लिहून दिले होते." बंधू म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हांला त्रास कशाला द्यावा, असे वाटले." एवढ्याशा गोष्टीने त्यांचा प्राण धोक्यात आणला होता. हा संकोच आपल्या समाजात फार आहे. रोजकीर्दीत एका पैशाची तफावत राहिली तर आपण रात्र जागवतो. देहाची तफावत मात्र लपवितो.

पोटच का बिघडते?

रसायनोपचाराची बहुतेक औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी अशा असतात म्हणून औषध लागू पडते. परंतु शरीरातील काही निरोगी पेशीही तशाच वेगाने वाढत असतात. केसांची मुळे, अस्थिमज्जा, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे आतील अस्तर यांचा त्यांत समावेश होतो. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते. औषधाने ही नूतनीकरणाची क्रिया खंडित झाली की अस्तर विरळ होते, अन्नरस व पाणी शोषले जात नाही, आणि जुलाब होतात. तोंडात हेच घडले की फोड येतात.

अठ्ठाईच्या पारण्याचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट सहज कळेल. आठ उपवासांनंतर आपण तपस्व्यास लाडू वाढीत नाही. मुगाचे पाणी, मग पातळ पेज, मग मऊ भात, असे क्रमाक्रमाने पोटास पूर्ववत करतो. रसायनोपचाराच्या रुग्णाचे आतडे प्रत्येक आवर्तनात अशाच नाजूक अवस्थेतून जाते. भेद इतकाच की तपस्व्याचे आतडे शाबूत असते आणि रुग्णाचे दुखावलेले असते.

उलटीचे कारण वेगळे आहे. औषधामुळे आतड्यातील काही पेशींतून सेरोटोनिन नावाचे द्रव्य सुटते. ते मज्जातंतूंद्वारे मेंदूतील वमनकेंद्रास चेतविते. पहिल्या चोवीस तासांतील उलटी मुख्यतः यामुळे होते. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत होणाऱ्या उलटीस इतर द्रव्ये कारणीभूत असतात व तिच्यावरील औषधही भिन्न असते. तिसरा प्रकार मनाचा. एकदा फार उलट्या झालेल्या रुग्णास पुढच्या वेळी रुग्णालयाचा वास आला तरी मळमळते. म्हणून पहिल्या आवर्तनापासूनच उलटी होऊ न देणे महत्त्वाचे ठरते.

पूर्वीच्या पिढीने या उपचाराची जी भीती पाहिली ती खोटी नव्हती. सिस्प्लॅटिन हे प्रभावी औषध १९७८ साली अमेरिकेत मान्यता पावले तेव्हा ते घेणाऱ्यास उलट्यांनी हैराण होऊन पडून राहावे लागे. १९९१ साली तेथे ऑन्डॅनसेट्रॉनला मान्यता मिळाली, आणि सेरोटोनिनचा मार्ग अडविणारे साधन वैद्यांच्या हाती आले. २००३ साली अॅप्रेपिटंट आले. ओलान्झापिन या मूळच्या मनोविकारावरील औषधाचाही आता मळमळीवर चांगला उपयोग होतो. त्याने येणारी गुंगी ही तक्रार होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००४ नंतर वीस वर्षांनी, म्हणजे २०२४ साली, प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसून आले की दहा मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम मात्राही उलटी रोखण्यास तितकीच उपयोगी पडते व गुंगी कमी येते. सर दोराबजी टाटा न्यासाने १९४१ साली परळ येथे उभारलेले, १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आलेले हे रुग्णालय आपल्या देशातील रुग्णांस परवडेल असा मार्ग शोधते, ही अभिमानास्पद गोष्ट होय.

मळमळ आणि उलटी

यावरून पहिला नियम निघतो. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यावयाची नसून होण्यापूर्वी, सांगितलेल्या वेळी, सांगितलेले दिवस घ्यावयाची असते. "आज बरे वाटते, मग गोळी कशाला" हा काटकसरीचा हिशेब येथे तोट्याचा ठरतो. ज्यांस प्रवासात बस लागते, किंवा ज्या भगिनींस गरोदरपणी फार उलट्या झाल्या होत्या, त्यांस हा त्रास अधिक होण्याचा संभव असतो. ही माहिती डॉक्टरांस आधीच द्यावी.

अन्न थोडे थोडे व वारंवार द्यावे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि भरल्या पोटीही वाढते. कोरडी भाकरी, खाकरा, चुरमुरे, साळीच्या लाह्या, मऊ भात हे पदार्थ सहसा मानवतात. तळलेले, तिखट, उग्र वासाचे टाळावे. गरम अन्नाचा वास अधिक येतो, म्हणून ताजे शिजवून किंचित निवल्यावर वाढावे. जेवताना घटाघटा पाणी न पिता दोन जेवणांच्या मध्ये घोट घोट प्यावे. जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की औषधाच्या दिवशी रुग्णाचा आवडता पदार्थ मुद्दाम करू नये. त्या पदार्थाची सांगड उलटीशी बसते व पुढे तो कायमचा नकोसा होतो.

आल्याचा प्रश्न आपल्याकडे निघतो. ओले आले कंदमूळ म्हणून अनेक घरांत वर्ज्य आहे, सुंठ मात्र चालते. आल्या-सुंठीने सौम्य मळमळीस थोडा आराम पडतो असे काही अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. म्हणून चिमूटभर सुंठ ताकात घालण्यास हरकत नाही, परंतु ती गोळीच्या जागी घेऊ नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा रक्तबिंबिका घटल्या असल्यास आधी विचारावे.

येथे घरातील एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. घरातील पुरुष आजारी पडला की सारे स्वयंपाकघर त्याच्यासाठी राबते. बाई आजारी पडली की फोडणीच्या धुरात तीच उभी राहते, सर्वांचे वाढते आणि शेवटी वासाने अन्न नको म्हणून उपाशी निजते. उपचाराच्या काळात तिची चुलीपासून सुटका करणे हा औषधाचाच भाग समजावा.

जुलाब

जुलाबात प्रथम पाणी व क्षार यांची भरपाई. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. तीच ही जलसंजीवनी. औषधाच्या दुकानात तिची पाकिटे मिळतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र नमूद आहे ना, हे पाहावे, कारण तशाच नावाने नुसती गोड पेयेही विकली जात आलेली आहेत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण चुकवू नये. मीठ अधिक झाले तर अपाय होतो. प्रत्येक शौचानंतर एक पेला, घोट घोट द्यावा. मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यावे ते डॉक्टरांस विचारावे.

अन्नात भाताची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचे गाळलेले कढण, पिकलेले केळे, शिजवलेले सफरचंद, साबुदाण्याची पातळ खीर पाण्यात केलेली, आणि ताजे पातळ ताक द्यावे. दूध काही दिवस बंद ठेवावे. दुखावलेल्या आतड्यास दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब वाढतात. दही-ताक त्या मानाने सोसते. तूप-तेल, हरभरा, वाटाणा, कोंड्यासह भाकरी, कच्च्या पालेभाज्या, मिरची व कॉफी या गोष्टी जुलाब थांबेपर्यंत दूर ठेवाव्यात. आपण बटाटा खात नाही म्हणून रुग्णास क्षार कमी पडतील अशी चिंता नको. केळे व शहाळ्याचे पाणी ती उणीव भरून काढतात.

जुलाब थांबविणारी गोळी घरात असते म्हणून परस्पर देऊ नये. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल तर ती अपायकारक ठरू शकते. अलीकडे रोगप्रतिकारशक्ती चेतविणारी नवी औषधे, ज्यांस इम्युनोथेरपी म्हणतात, दिली जातात. त्यांमुळे होणारे जुलाब हे आतड्याच्या निराळ्या दाहाचे लक्षण असते. त्यास घरगुती उपाय नाही, त्वरित रुग्णालय गाठावे. पोटावर किंवा कटिभागावर किरणोपचार चालू असतील तर जुलाब सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात व उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. हे आधी माहीत असले की घबराट होत नाही.

बद्धकोष्ठ, तोंड येणे, चव जाणे

बद्धकोष्ठाची तक्रार ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. परंतु उलटी रोखणारे ऑन्डॅनसेट्रॉन, वेदनाशामक मॉर्फीन आणि व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचे औषध, ही तिन्ही आतड्याची चाल मंदावतात. मॉर्फीन चालू असलेल्यास सारक औषध त्याच दिवसापासून रोज लागते. इसबगोल घ्यावयाचे तर भरपूर पाण्यासह. पाणी कमी पडले तर तेच आत अडकून बसते. पोट फुगले आहे, वायूही सरत नाही, उलट्या होत आहेत, अशा वेळी कोणतेही सारक न देता रुग्णालयात जावे. रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असताना एनिमा घेऊ नये.

तोंड आले असता एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ व एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भराव्यात. दात घासण्याचा ब्रश मऊ असावा. आमसूल, लिंबू, टोमॅटो, मिरची वर्ज्य. दहीभात, शिरा, नाचणीची पातळ लापशी, पिकलेला चिकू, ही सोसतात. तोंड निरोगी असून नुसती चव गेली असेल तर मात्र लिंबू, पुदिना, कोथिंबीर यांनी रुची परत येण्यास मदत होते. अन्नास धातूची चव लागते असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो हट्ट करीत नसतो. त्यास चिनी मातीच्या ताटलीत व लाकडी चमच्याने द्यावे. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असलेल्यास थंड पाणी पिऊ देऊ नये. घसा आवळल्यासारखा होतो व बोटांना मुंग्या येतात. आपल्याकडील कोमट उकाळलेले पाणी त्यास अगदी योग्य.

नियम आणि रुग्ण

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपले आहारनियम या उपचारास बाधक आहेत काय? विचार केला तर बहुतांशी ते साधकच आहेत. पाणी उकळून पिणे, शिळे न खाणे, अन्न झाकून ठेवणे, बाजारचे न खाणे हे नियम पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णास डॉक्टरही घालून देतात. कंदमुळे वर्ज्य केल्याने काही बिघडत नाही. प्रथिनांची मात्र काळजी घ्यावी. तज्ज्ञांच्या मते अशा रुग्णास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या माणसास पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम. शंभर ग्रॅम मूगडाळीत सुमारे चोवीस, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस, एक लिटर दुधात तीस ते पस्तीस ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचे कूट यांतून हा हिशेब सहज जुळतो.

रात्रिभोजनत्यागाचेही तसेच. सकाळी सातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत दर दोन तासांनी थोडे, असे सहा वेळा अन्न दिवसाच्या प्रकाशात देता येते. कॅपेसिटाबीनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ व संध्याकाळ, सुमारे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाची असते. सकाळी सात व संध्याकाळी सहा अशी वेळ चालेल काय, हे डॉक्टरांस आरंभीच विचारावे. पुष्कळदा ते संमती देतात. न विचारता गोळी मागेपुढे करणे किंवा उपाशीपोटी घेणे मात्र सर्वथा गैर.

अडचण येते ती पाण्याची, आणि ज्या रात्री जुलाब-उलट्या होतात त्या रात्रीची. बंधूंच्या बाबतीत हा पेच सुटला तो असा. ते रुग्णालयातून घरी आल्यावर विहारात असलेल्या एक वयोवृद्ध साध्वीजी मांगलिक ऐकविण्यास घरी आल्या. बंधूंनी डोळ्यांत पाणी आणून विचारले, "महाराज साहेब, वीस वर्षांचा नियम आता मोडू काय?" साध्वीजी म्हणाल्या, "नियम घेताना आपण आगारांसह घेतो. रोगाने समाधी ढळू लागली तर तिच्या रक्षणासाठी मोकळीक त्या प्रत्याख्यानातच ठेवलेली आहे. ती ज्ञानी पुरुषांनी ठेवली, आपण आपल्या सोयीने काढलेली पळवाट नव्हे. ज्या पाण्याने देह टिकतो ते पाणी न घेऊन परिणाम अशांत होत असतील, तर त्या नियमाचे फळ कोणते?" प्रत्याख्यानातील सर्वसमाधिप्रत्यय आगार हाच तो. त्या दिवसापासून उपचार संपेपर्यंत बंधूंनी चौविहाराऐवजी रात्री पाणी व औषध मोकळे ठेवले, अन्न मात्र सूर्यास्तापूर्वीच घेतले. नियम मोडल्याचे शल्य गेले, आणि शल्य गेल्याने अन्नही अंगी लागू लागले.

वाचकांस माझी विनंती एवढीच की उपचार सुरू होण्यापूर्वी, संकट येण्याची वाट न पाहता, आपापल्या परंपरेतील मुनिराज, साध्वीजी वा पंडितजी यांचा सल्ला घ्यावा आणि तो डॉक्टरांस सांगावा. दिगंबर असोत वा श्वेतांबर, आजाऱ्याच्या शक्तीचा विचार न करता तप लादावे असे कोणीही सांगत नाही. उपवासाने कर्करोग उपाशी मरतो, असे सांगणारे हितचिंतक भेटतात. हे सिद्ध झालेले नाही. वजन उतरलेल्या रुग्णाने एकासणे, आयंबिल वा उपवास केल्यास रोगापूर्वी माणूसच क्षीण होतो. कोणी संथाऱ्याचा दाखला देतात. अन्न सुटणे आणि अन्न सोडणे यांत महदंतर आहे. मळमळीने अन्न सुटलेल्या, बरा होण्याची आशा असलेल्या रुग्णाची ती तपश्चर्या नव्हे, ते औषधाने दूर होणारे लक्षण होय.

दूरध्वनी केव्हा करावा

पुढील गोष्टी कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ लावून ठेवाव्यात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा अधिक असल्यास, रात्रीचे दोन वाजले असले तरी, रुग्णालयात जावे. रसायनोपचारानंतर साधारणतः सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात व साधा ताप प्राणघातक ठरू शकतो. ताप मोजण्यापूर्वी तापाची गोळी देऊ नये. नेहमीपेक्षा चार वेळा अधिक शौचास होणे, शौचातून किंवा उलटीतून रक्त जाणे, चोवीस तास पाणीही न टिकणे, आठ तास लघवी न होणे, उभे राहताच घेरी येणे, पोटात असह्य कळ येणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी कळवावे. रोज किती वेळा शौचास झाले, किती पाणी प्याले, वजन किती, याची नोंद एका वहीत ठेवावी. आमच्या घरी ती वही वहिनींनी लाल खतावणीच्या पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. डॉक्टर येताच प्रथम तीच मागत.

कोणी काढे, रस, भस्मे आणून देतो. त्याच्या हेतूविषयी शंका नको, परंतु ती औषधे मुख्य औषधाच्या क्रियेत बिघाड करू शकतात. डॉक्टरांस दाखविल्यावाचून काहीही देऊ नये.

संघाने काय करावे

शेवटी दोन शब्द संघबंधूंस. आपल्या भागातून असंख्य रुग्ण मुंबईस परळला, बंगळूरला १९७३ साली स्थापन झालेल्या किडवाई संस्थेत, किंवा जवळच्या रुग्णालयांत जातात. परगावी त्यांची खरी ओढाताण होते ती अन्नाची. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा रुग्णांस अनेक वर्षे आसरा देत आली आहे. आपल्या समाजाच्या धर्मशाळाही आहेत. तेथे सूर्यास्तापूर्वी मऊ, कमी तिखट, ताजे अन्न आणि रात्री उकाळलेल्या पाण्याचा थर्मास, एवढी सोय रुग्णासाठी असावी. आपल्या आपल्या पेढीवरील मुनीम वा हमाल उपचारास जात असेल तर त्याची हजेरी व पगार कापू नये. भेटीस जाणाऱ्याने मिठाईऐवजी शहाळी न्यावीत, सर्दी-खोकला असल्यास जाऊच नये, आणि सल्ला देण्याऐवजी वहिनींच्या हातचे एक काम आपल्या हाती घ्यावे.

बंधूंची आठही आवर्तने पूर्ण झाली. त्या संवत्सरीस त्यांनी उपवास केला नाही. डॉक्टरांनी अनुमती दिली नव्हती. प्रतिक्रमणानंतर ते सर्वांस हात जोडून क्षमा मागत असता वहिनींपाशी आले आणि म्हणाले, "चार दिवस तुझ्यापासून लपविले, त्याची क्षमा असावी." त्यानंतरच्या वर्षी त्यांनी आपला चौविहाराचा नियम पुन्हा घेतला. आज वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते सकाळी पेढीवर येतात व सूर्यास्तापूर्वी घरी जेवावयास जातात. ज्या घरी आज हा उपचार चालू आहे त्या घरातील रुग्णाने त्यांचे चार दिवस आठवावेत, आणि पहिल्याच दिवशी बोलावे, हीच या लेखामागील इच्छा. जय जिनेंद्र.